हळदीचा रुमाल

दर वर्षी सप्टेंबर लागला की मी एक रुमाल हळदीत बुडवते. पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात दोन चमचे हळद आणि चिमूटभर मीठ टाकायचं, रुमाल सोडायचा आणि चमच्याने वरखाली करत राहायचं. मग तो बाहेर दोरीवर घालायचा नाही, घरातच सावलीत वाळवायचा, कारण उन्हाने हळद उडते. इंग्लंडातल्या या लेस्टरच्या उन्हाला एवढं घाबरायचं कारण नाही, पण काकांनी तसं सांगितलं होतं म्हणून मी तसंच करते. आमचे हे म्हणतात, "अगं, पिवळा रुमाल दुकानात मिळतो की." मिळत असेल.

काका म्हणजे आमचे घरमालक. बेलग्रेव्ह रोडपासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर होतं. वर दोन खोल्या, एक त्यांची आणि एक आमची. खाली रस्त्याच्या बाजूला फ्रंट रूम, तिच्यामागे किचन, ते सगळ्यांचं. त्यांची बायको आम्ही तिथे राहायला जायच्या आधीच वारली होती आणि मुलगी साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात नोकरीला होती. काकांनी तीस वर्षं या शहरात बस चालवली. रिटायर झाले तरी बस त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. किचनमध्ये दोन माणसं उभी असली की म्हणायचे, "आत सरका, मागे जागा आहे." जिना चढताना "होल्ड टाइट" म्हणायचे, एकटे असले तरी.

पण हे काहीच नाही. त्यांचं खरं वेड अमेरिकन फुटबॉलचं.

लेस्टरमध्ये कुणी क्रिकेटचं असतं, कुणी इथल्या फुटबॉलचं, कुणी रग्बीचं. काकांना मात्र तो अमेरिकेतला, हेल्मेट घालून खेळायचा खेळ आवडायचा. थंडीच्या दिवसांत दर रविवारी संध्याकाळी सहाला तिकडची मॅच इकडे टीव्हीवर लागे. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, स्कूटरवाल्यांची मारामारी चालली आहे. तसं मी ह्यांच्या कानात म्हणाले, पण काकांना ऐकू गेलं. ते खूश झाले.

"मारामारी दिसते ना वहिनी? आता नीट बघा. दर मारामारीनंतर थांबतात. गोल करून डोकी जोडतात, पुढे काय करायचं ते ठरवतात आणि मग करतात. आपली माणसं आधी करतात आणि मग चहा पीत ठरवतात, काय करायला हवं होतं."

त्या डोकी जोडण्याला हडल म्हणतात. तो हडल काकांनी घरातही लागू केला होता. कचऱ्याची बिन बाहेर काढायची असो की भाजी आणायला जायचं असो, काका "हडल!" अशी आरोळी ठोकायचे आणि हाताला लागेल त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून त्याचं डोकं खाली ओढायचे. एकदा आम्ही जुनं कपाट घेतलं. ते वर न्यायला काका, हे आणि समोरच्या घरातला गोरा पोस्टमन असे तिघे जमले. जिन्याखाली हडल झाला. काका इतक्या हळू आवाजात सांगत होते की जणू कपाटाला कळलं तर ते सावध होईल. मग "तीन!" म्हणून तिघांनी जोर लावला आणि कपाट जिन्याच्या वळणावर जाऊन बसलं ते बसलंच. काका वरच्या बाजूला अडकले, बाकीचे खाली. मी कपाटावरून हात उंच करून त्यांना पोळीभाजी दिली. अधूनमधून वरून आवाज यायचा, "हडल!" आणि हे खालून ओरडायचे, "कसा करायचा, काका? मधे कपाट आहे!" शेवटी संध्याकाळी पोस्टमनने कपाटाची दारं काढली तेव्हा काका खाली आले आणि म्हणाले, "प्लॅन बरोबर होता. कपाट चुकलं."

मी कधी त्या हडलमध्ये गेले नाही. मी किचनच्या दारात उभी असायचे. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. समोर एक माणूस असेल तर बोलते, दुसरा आला की माझं वाक्य अर्ध्यावर राहतं. काकांच्या हे लक्षात आलं होतं, पण "बोला हो वहिनी, बोला" असं ते कधी म्हणाले नाहीत. असं म्हणणारी माणसं मला फार भेटली आहेत. त्याने तोंड आणखी मिटतं.

त्याऐवजी त्यांनी मला नकाशा काढून दिला. झालं असं की मला फरसाणच्या कारखान्यात पाकिटं भरायचं काम मिळालं होतं आणि पहिल्याच दिवशी हे शिफ्टला गेलेले. मी चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी पाट्या वाचता येत नव्हत्या आणि रस्त्यात कुणाला विचारायचं म्हणजे मरणच. काकांनी बिलाच्या पाठीमागे पेन्सिलने गोल आणि फुल्या काढल्या. त्यांचे कोच लोक खेळाडूंना तशीच चित्रं काढून देतात म्हणे.

"हा गोल म्हणजे तुम्ही. फुल्या म्हणजे तुम्हाला अडवणारे. ही पहिली फुली म्हणजे सिग्नल. ही दुसरी म्हणजे ती कुत्रेवाली म्हातारी, ती बोलत सुटते, तिच्या डाव्या बाजूने निघायचं. ही तिसरी म्हणजे कारखान्याचा गेटवाला. त्याला फक्त हसून दाखवायचं. पोचलात की टचडाउन."

"आणि चुकले तर?" मी विचारलं.

"चार चान्स असतात," काका म्हणाले. "या खेळात प्रत्येकाला चार चान्स असतात. एका चान्समध्ये पोचायलाच पाहिजे असं म्हणणारा खेळ मी बघत नाही."

मी दुसऱ्या चान्समध्ये पोचले. पहिल्यांदा म्हातारीच्या उजव्या बाजूने निघाले आणि अडकले.

काकांची एक टीम होती. ती अमेरिकेतल्या कुठल्यातरी थंड गावची होती आणि ती नेहमी हरायची. काकांनी तिचा शर्ट मागवला होता, तंबूएवढा, तो ते स्वेटरवरून घालत आणि वर माकडटोपी. त्या शर्टाचा नियम असा की टीम जिंकली तर तो धुवायचा नाही, नशीब धुतलं जातं. हरली तर सोमवारी धुवायचा. त्यामुळे तो शर्ट आमच्या घरातला सगळ्यात स्वच्छ कपडा होता.

एका रविवारी टीम जिंकली. सोमवारी सकाळी मी सवयीने शर्ट मशीनमध्ये टाकला. मशीन फिरायला लागलं तेव्हा काका खाली आले आणि त्यांनी काचेतून तो शर्ट फेसात गोल गोल जाताना बघितला. काकांनी खिशात हात घातला, पिवळा रुमाल काढला आणि तो मशीनवर फेकला.

"पेनल्टी," ते मशीनला म्हणाले. "न विचारता धुतल्याबद्दल."

तो हा रुमाल. त्या खेळात कुणी नियम मोडला की पंच पिवळा रुमाल फेकतात. रुमाल पडला की खेळ थांबतो, ज्याने फेकला त्याचं सगळ्यांनी ऐकायचं आणि चुकणाऱ्याला मागे हटवतात. काकांचा पहिला रुमाल दुकानातला होता, तो धुऊन धुऊन पांढरा झाला होता, म्हणून मीच तो हळदीत बुडवून दिला. तेव्हापासून दर सप्टेंबरला, खेळाचे दिवस सुरू झाले की, ते रुमाल माझ्या पुढ्यात धरत आणि एवढंच म्हणत, "वहिनी, हळद."

रविवारी तो रुमाल टीव्हीशेजारच्या खिळ्यावर लटकायचा. नियम असा की तो कुणीही फेकू शकतो. चुकणाऱ्याने आपली खुर्ची एक फूट मागे घ्यायची, म्हणजे टीव्हीपासून लांब आणि किचनच्या जवळ. कोणी "रग्बी" म्हटलं की रुमाल. "याला फुटबॉल कसं म्हणायचं, पायाने तर मारतच नाहीत" असं म्हटलं की रुमाल. आमचे हे हमखास म्हणायचे. कधीकधी मॅच संपेपर्यंत त्यांची खुर्ची किचनच्या उंबऱ्यावर आलेली असायची आणि ते पाठमोरे हात मागे करून माझ्याकडे भजी मागायचे. काकांनी सगळ्यांवर रुमाल फेकला. कौन्सिलच्या माणसावर फेकला, जावयावर फेकला, एकदा टीव्हीतल्या पंचावर फेकला. नऊ वर्षांत माझ्यावर एकदाही फेकला नाही. आणि मीही तो कधी फेकला नाही, हे काय वेगळं सांगायचं?

रविवारची माणसं ठरलेली होती. आमचे हे. समोरचा पोस्टमन, ज्याची बायको गेली होती आणि ज्याला माझं नावच वहिनी आहे असं वाटे, त्यामुळे ख्रिसमसच्या कार्डावर तो "मिसेस वाहिनी" लिहायचा. कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानाचे गुजराती शेठ. आणि एक तरुण डॉक्टर, नागपूरचा, व्हिसावर आलेला, हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये एकटा राहणारा. पाऊस असो, बर्फ असो, हे चौघे पावणेसहाला हजर. मी कांदाभजी, कधी बटाटेवडे करायचे. काका दार उघडताना प्रत्येकाला विचारायचे, "तिकीट?" आणि प्रत्येकजण रिकामा हात दाखवून आत यायचा.

इतकं चांगलं चाललं होतं. मग खेळच हळूहळू आंबला.

नेमकं कधी ते सांगता येणार नाही. दूध नासतं तेव्हा नेमकं कुठल्या मिनिटाला नासलं ते कुठे सांगता येतं? आधी काकांचा लाडका खेळाडू जास्त पैशासाठी दुसऱ्या टीमला गेला. काका म्हणाले, "आम्ही रूट बदलायचो. डेपो नाही बदलला कधी." मग खेळ सारखा थांबायला लागला. हडलसाठी थांबला तर काकांना आनंदच होता, पण आता जाहिरातीसाठी थांबायचा, सूटवाल्या लोकांच्या गप्पांसाठी थांबायचा, पंचांनी पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग बघावं म्हणून थांबायचा. तीन तास टीव्ही चालायचा आणि त्यात खरा खेळ माझा डाळीचा कुकर होईल एवढा.

मग अमेरिकेतल्या दोन टीम लंडनला खेळायला येणार अशी बातमी आली. काका आठवडाभर नाचत होते. शेठ दुकान सोडून येईनात, डॉक्टरला ड्यूटी होती, म्हणून पोस्टमन, हे आणि मी अशी वरात निघाली. काकांनी मला तिकीट देताना म्हटलं, "तुम्ही नऊ वर्षं दारातून बघताय. एकदा आतून बघा." मी मेथीचे पराठे घेतले. काकांनी शर्ट घातला, जरी खेळणाऱ्या दोन टीमपैकी एकही त्यांची नव्हती.

तिथे पोचलो तर काय, हजारो माणसं अशीच! कुणी या टीमच्या शर्टात, कुणी त्या, आणि बहुतेकांची टीम मैदानावर नव्हतीच. वर्षानुवर्षं आपापल्या फ्रंट रूममध्ये एकेकटे बसलेले वेडे एका जागी गोळा झाले होते. काका दिसेल त्याला हात मिळवत होते. स्कॉटलंडहून आलेला एक म्हातारा काकांच्याच टीमच्या शर्टात दिसला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि काही न बोलता मिठी मारली. मी तिथे असताना एकदाही लाजले नाही. तिथे लाजायला कुणी शहाणं माणूसच नव्हतं.

हा पहिला तास. नंतर पाऊस लागला, मैदानाचा चिखल झाला आणि खेळ रखडत गेला. समोर मोठ्या पडद्यावर अक्षरं यायची. मी ह्यांना विचारलं, काय लिहिलंय? हे म्हणाले, "आवाज करा, असं लिहिलंय." लोक आवाज करायचे. अक्षरं गेली की गप्प. काका सुरुवातीला ओरडले. मग नुसते बघत बसले. परतीच्या बसमध्ये पराठा हातात धरून म्हणाले, "बेल वाजली की बस थांबवायची, तसं आम्हाला ओरडायला लावलं." बाकी लेस्टरपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. पोस्टमनने मात्र पाच पराठे खाल्ले.

त्यानंतरच्या रविवारी पोस्टमन चहाच्या निमित्ताने किचनमध्ये आला. माझं इंग्रजी तुटकं, पण तो माझ्याशी सावकाश बोलायचा. त्याने फ्रंट रूमकडे बघत सांगितलं की त्याचा या खेळावरचा जीव केव्हाच उडाला आहे. तो फक्त भज्यांसाठी आणि कोचसाठी येतो. काकांना तो कोच म्हणायचा. "कोचला सांगू नकोस, वहिनी. त्याचं मन मोडेल."

पुढच्या रविवारी शेठ आले, हात धुवायला. "बेन, सच बोलूँ? मैं तो सोने आता हूँ. दुकान में नींद नहीं होती. लेकिन काका को मत बोलना."

मग डॉक्टर. तो भजं हातात घेऊन नुसता उभा राहिला. "मला या टकरी नाही बघवत, वहिनी. मी दिवसभर हॉस्पिटलात डोक्याला लागलेली माणसं बघतो. यांची हेल्मेटं आपटली की माझ्या दातांत कळ येते. पण काकांना कसं सांगू? त्या माणसाने मला इथे पहिल्या थंडीत स्वतःचा कोट दिला."

ह्यांनी तर मला वर आमच्या खोलीतच सांगितलं होतं की त्यांना हा खेळ पहिल्या दिवसापासून कळलेला नाही.

मी सगळ्यांना मान हलवून होकार दिला. माझ्याशी लोक असं बोलतात. त्यांना वाटतं, ही काही कुणाला सांगायची नाही, आणि ते खरंच असतं.

मग एका रविवारी मधल्या सुट्टीत काका स्वतः आले. पाण्याचा जग भरायला म्हणून आले आणि नळ सोडून उभे राहिले.

"वहिनी, तो भिंतीवरचा फोटो माहीत आहे ना? त्रेपन्न नंबरवाला?"

माहीत होता. काकांच्या टीमचा जुना खेळाडू, बैलासारखा. काका त्याच्या गोष्टी सांगायचे, तो कसा मुसंडी मारायचा, समोरचे दोन-दोन कसे उडायचे.

"परवा टीव्हीवर दाखवला. म्हातारा झालाय, माझ्याहून लहान आहे पण म्हातारा झालाय. त्याला स्वतःच्या घराचं दार ओळखता येत नाही. डोक्याला इतके मार बसलेत." जग भरून वाहत होता. "त्या एकेका टकरीला मी उठून टाळ्या वाजवल्यात हो. इथे, या घरात. पोस्टमनच्या गळ्यात पडलोय."

मी नळ बंद केला.

"मला आता बघायचं नाही," काका म्हणाले. "पण टीव्ही बंद केला तर ही माणसं कशाला येतील? पोस्टमन रविवारी कुणाकडे बघेल? तो डॉक्टर पोरगा एकटा खोलीत काय करेल? त्यांना एवढा शौक आहे. त्यांच्यासाठी चालवायची झालं. शेवटचा स्टॉप येईपर्यंत ड्रायव्हरला उतरता येत नाही." आणि मग, "कुणाला बोलू नका."

म्हणजे बघा. पाच माणसं, पाचांनाही ती मॅच नको, आणि पाचही जण दुसऱ्याचं मन मोडू नये म्हणून दर रविवारी तीन तास बसतात. आणि हे माहीत असलेलं माणूस घरात एकच, तेही मी. देवाने निवडून निवडून कुणाला निवडलं!

मी बोलायचं ठरवलं. ठरवून सहा रविवार गेले. भजी तळताना वाक्य तयार करायचे, ताट घेऊन दारापर्यंत जायचे आणि पाच डोकी दिसली की वाक्य तोंडातच विरघळायचं. भीती नुसती बोलायची नव्हती. काका म्हणत होते तसंच झालं तर? टीव्ही बंद झाला आणि माणसं खरंच यायची थांबली तर? मग रविवारी सहा वाजता काका शर्ट घालून कुठे बसतील? ते माझ्यामुळे झालेलं असेल. आणि काकांच्या चेहऱ्याचा रंग तर आठवड्याला उतरत चालला होता. "तिकीट?" विचारायचे, पण हात बघायचे नाहीत.

सातव्या रविवारी काकांची टीम चक्क पुढे होती. शेठसुद्धा जागे होते. मी वड्यांचं ताट घेऊन दारात उभी होते आणि तेवढ्यात मैदानावर दोघांची टक्कर झाली. एक पोरगा खाली पडला आणि उठला नाही. टीव्हीवाल्यांनी लगेच जाहिरात लावली. एक माणूस हसत हसत ट्रक विकत होता.

डॉक्टरने डोळे मिटले होते. पोस्टमन बुटांकडे बघत होता. काकांनी माकडटोपी काढून मांडीवर घेतली होती. मग काकांनी मोठ्या कष्टाने तोंडावर हसू आणलं आणि म्हणाले, "आपण पुढे आहोत, बरं का. टीम पुढे आहे." आणि बाकीच्या चौघांनी, काय सांगू, त्या चौघांनीही तसंच कष्टाचं हसू आणलं.

मी ताट खाली ठेवलं, खिळ्यावरचा रुमाल काढला आणि फेकला. तो हलका होता, टीव्हीपर्यंत जाईल असं वाटलं होतं, पण मधेच सतरंजीवर पडला.

पाचही जणांनी आधी रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

नियम म्हणजे नियम. काकांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि उभे राहिले. "पेनल्टी," ते म्हणाले. आवाज पंचासारखा करायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. "कुणावर, वहिनी?"

"सगळ्यांवर," मी म्हणाले.

"गुन्हा?"

माझं वाक्य पळून जायला लागलं होतं. मी चार चान्स आहेत असं मनात म्हटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "पोस्टमन भज्यांसाठी येतात. शेठ झोपायला येतात. डॉक्टरांना टकरी बघवत नाहीत. ह्यांना तर कळतच नाही. आणि काका, तुम्हालाही नको आहे. कुणालाच नको आहे. सगळे एकमेकांसाठी बघताय."

मग मी पदर तोंडाला लावला.

आमचे हे पोस्टमनला इंग्रजीत समजावून सांगत होते. त्याला कळलं तसा तो लाल झाला. "वहिनी!" तो म्हणाला, "मी तुला विश्वासाने सांगितलं होतं!" मग काकांकडे वळून म्हणाला, "कोच, तुलाही नको?"

"मला त्रेपन्न नंबर बघितल्यापासून नको," काका म्हणाले. "तुला कधीपासून?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं!" काका ओरडले. "तीन वर्षं फसवलंस, गाढवा?"

"आणि आप?" शेठ डॉक्टरला म्हणाले. "आप तो बडे ध्यान से देखते थे!"

"मी तुमच्या घोरण्याकडे लक्ष देत होतो, शेठ. वैद्यकीय दृष्टीने."

आधी कोण हसलं ते आठवत नाही. बहुतेक आमचे हे. मग सगळेच. काका तर इतके हसले की त्यांना भिंतीला धरावं लागलं, आणि हसता हसता त्यांनी डोळे त्या माकडटोपीला पुसले. पडद्यावर तो पडलेला पोरगा उठून बसला होता, हात हलवत होता. तो बरा आहे असं डॉक्टरने दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर बघून मुद्दाम फोन करून सांगितलं.

"पेनल्टी लागली आहे," काका मग म्हणाले. "खुर्च्या मागे. किती फूट, वहिनी?"

मी किचनकडे बोट दाखवलं.

चौघांनी खुर्च्या उचलल्या आणि एकामागून एक किचनमध्ये आणल्या. दारात जरा अडकल्या. काका मागून म्हणत होते, "आत सरका, आत सरका, पुढे जागा आहे." मग ते परत गेले, टीव्ही बंद केला, सतरंजीवरचा रुमाल उचलला आणि आपली जड खुर्ची ओढत आले. किचनमध्ये ती ठेवली आणि म्हणाले, "बसा." मला. मी नको नको म्हटलं. ते म्हणाले, "नऊ वर्षं उभ्याने प्रवास झाला तुमचा. बसा."

मी बसले. काका एका उलट्या बादलीवर बसले.

त्यानंतर आम्ही घर घेतलं, काका मुलीकडे साउथहॅम्प्टनला गेले, पण ते जाईपर्यंत एकही रविवार चुकला नाही आणि टीव्ही एकदाही लागला नाही. जाताना त्यांनी शर्ट पोस्टमनला दिला आणि रुमाल मला. अजून दर रविवारी सहाला त्यांचा फोन येतो आणि मी तो उचलून आधी म्हणते, "तिकीट?"

पण त्या संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसले खरे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोर बघायला काही नव्हतं. पाच पुरुष एकमेकांकडे बघत होते आणि आता काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं.

"हडल!" काका म्हणाले.

उजवीकडून पोस्टमनचा हात माझ्या खांद्यावर आला आणि डावीकडून काकांचा. सहा डोकी टेबलावर खाली आली. हळदीचा आणि तळणाचा वास येत होता.

"पुढचा प्लॅन काय?" डॉक्टरने हळूच विचारलं.

मग मला दिसलं की सगळे माझ्याकडे बघत आहेत. सहा माणसं होती, मला धरून. आणि माझं वाक्य कुठेही न अडखळता बाहेर आलं.

"वडे गार होतायत," मी म्हणाले. "आधी खा. मग ठरवू."

काकांनी खिशात हात घातला. रुमाल अर्धा बाहेर आला. मग त्यांनी तो परत आत ठेवला आणि वडा उचलला.